चकमकीच्या लांब रायफलीच्या दस्त्यावरील कोरीवकाम : जुन्या नमुन्यावरून नवी प्रत कशी घडवावी

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील लँकेस्टर, रेडिंग, यॉर्क आणि बेथलेहेम या गावांच्या परिसरात अठराव्या शतकात जर्मन भाषक कारागिरांनी लांब नळीची, चकमकीवर चालणारी, ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू व गोळी भरण्याची) रायफल घडवली. पुढे ‘केंटकी रायफल’ या नावाने ती प्रसिद्ध झाली, तरी तिचे घर पेनसिल्व्हेनियाच होते. जर्मनीतून आलेल्या आखूड आणि जाड नळीच्या शिकारी रायफलीपासून ती हळूहळू घडत गेली, आणि मेपलच्या दस्त्यावर, म्हणजे नळी धरून ठेवणाऱ्या लाकडी भागावर, बरोक व रोकोको या युरोपीय अलंकरणशैलींतील पाने, वेलांट्या व शिंपले कोरण्याची रीतही तिला त्याच परंपरेतून मिळाली. अशा कोरीवकामाची प्रत नव्या दस्त्यावर कशी उतरवावी, ते या लेखात कामाच्या क्रमाने सांगितले आहे.

प्रत फसते ती रेखाटन चुकल्यामुळे फार क्वचित. बहुतेक वेळा उठावाची उंची चुकलेली असते आणि नक्षीभोवतीची जमीन, म्हणजे नक्षीच्या खालच्या पातळीचा पृष्ठभाग, नीट उतरवलेली नसते. जुन्या दस्त्यांवरील उठाव साधारण ०.८ ते १.२ मिलिमीटर इतकाच असतो, म्हणजे दोन नखे एकमेकांवर ठेवली तर जेवढी जाडी होईल तेवढा. एवढ्याशा उंचीत एक पान दुसऱ्या पानाखालून गेल्याचा भास निर्माण करायचा असतो. ही नक्षी दस्त्यावर वरून बसवल्यासारखी दिसते, पण प्रत्यक्षात ती दस्ता घडवताना राखून ठेवलेले लाकूड असते. हे एकदा मनात पक्के बसले की पुढच्या प्रत्येक टप्प्यावर काय करायचे ते आपोआप स्पष्ट होत जाते.

मूळ रायफल हातात घेण्याआधी

जुनी ठासणीची बंदूक रिकामीच असेल असे कधीही गृहीत धरू नये. शंभर-दीडशे वर्षे भिंतीवर टांगलेल्या बंदुकींमध्येही दारू आणि गोळी ठासलेली सापडते. तपासण्याची रीत सोपी आहे. लाकडी गज नळीच्या तोंडातून तळापर्यंत अलगद सोडावा, तोंडाशी त्यावर खूण करावी, मग तोच गज नळीच्या बाहेरून धरून त्याचे टोक कोठे येते ते पाहावे. टोक रंजकाच्या छिद्रापाशी (ज्यातून आग आतल्या दारूपर्यंत जाते) पोहोचत असेल तर नळी रिकामी आहे. ते दोन-तीन सेंटिमीटर अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी आहे, आणि अशी बंदूक जाणकाराच्या हाती देईपर्यंत तिला हात लावू नये.

भारतात ठासणीची बंदूकही शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कक्षेत येते. कोकणात शेतीच्या संरक्षणासाठी ज्यांच्याकडे अशा बंदुका आहेत त्यांना परवान्याची बाब परिचयाची असेल. या लेखातील काम मात्र फक्त लाकडाचे आहे. सराव लाकडाच्या ठोकळ्यावर करावा, आणि काम प्रत्यक्ष नळी व लॉकसह (चकमकीने ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेसह) पूर्ण रायफलीपर्यंत न्यायचे असेल तर आपण राहतो त्या ठिकाणचा कायदा आधी तपासून घ्यावा.

आणखी एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. मूळ जुन्या दस्त्यावरची झिजलेली नक्षी पुन्हा धारदार करण्यासाठी तिच्यावर पटाशी चालवू नये. ती झीज त्या वस्तूच्या इतिहासाचा भाग असते. नव्याने कोरल्यावर मूळ कारागिराच्या हत्याराच्या खुणा कायमच्या नाहीशा होतात, आणि आपल्याला शिकण्यासारखे सर्वांत मोलाचे जे काही असते ते नेमके त्या खुणांमध्येच असते.

नमुन्याचा अभ्यास

एकच रायफल पाहून कामाला लागू नये. या कारागिरांत गुरू-शिष्यांच्या परंपरा होत्या. जर्मनीतील सूल परिसरात १७१८ साली जन्मलेला आंद्रेआस आल्ब्रेख्त हा मोराव्हियन या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाचा बंदूककार पेनसिल्व्हेनियात आला आणि बेथलेहेमजवळच्या ख्रिश्चन्स स्प्रिंग येथील कार्यशाळेत काम करू लागला. त्याच्यानंतर ती कार्यशाळा त्याचा शिष्य ख्रिश्चन ओर्टर याने सांभाळली. ओर्टरच्या रायफलींवर १७७४ आणि १७७५ ही वर्षे कोरलेली आढळतात. अशा एका कार्यशाळेतील दोन-तीन रायफली शेजारी ठेवून पाहिल्या की वळण देण्याची कोणती सवय कार्यशाळेची आहे आणि कोणती गोष्ट त्या दिवशी त्या लाकडाने करायला लावली, हे वेगळे ओळखता येते. लँकेस्टरच्या जेकब डिकर्टसारख्या कारागिराच्या कामाबाबतही हेच खरे आहे. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी नाझरेथजवळ बोल्टन येथील पेनसिल्व्हेनिया लाँगरायफल म्युझियम हे अभ्यासाचे उत्तम ठिकाण आहे; पुस्तकातील छायाचित्र कितीही चांगले असले तरी उठावाची खरी उंची डोळ्यांसमोर दस्ता असल्याशिवाय कळत नाही.

परगण्यांनुसार शैली बदलते, आणि प्रत करताना त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये. लँकेस्टरच्या रायफलीच्या दस्त्याची मागची रेषा बहुधा सरळ असते आणि तिच्यावर उठावाच्या वेलांट्या दिसतात. लिहाय परगण्यातील दस्त्याला कमानदार बाक असतो आणि तेथे उठावापेक्षा नुसत्या कोरलेल्या रेषांची नक्षी अधिक आढळते. लँकेस्टरच्या सरळ दस्त्यावर लिहायची नक्षी कोरली तर काम कितीही सफाईदार असले तरी जाणत्या नजरेला ते खटकतेच.

नक्षीच्या जागा ठरलेल्या असतात. सर्वांत मोठी रचना डाव्या बाजूला, गाल टेकवण्यासाठी ठेवलेल्या उंचवट्याच्या मागे असते. या उंचवट्याला पुढे ‘गालपट’ म्हटले आहे. उजव्या बाजूची तीच जागा पॅचबॉक्सने, म्हणजे तेलकट चिंध्या ठेवण्याच्या झाकणाच्या डबीने व्यापलेली असते. याखेरीज नळीच्या शेपटीमागे (नळीच्या मागच्या टोकाच्या धातूच्या पट्टीमागे) मुठीवर एखादे पान किंवा शिंपला, लॉकच्या सपाट पट्ट्यांच्या टोकांना छोटे शेपूट, नळीखाली ठेवलेला ठासणीचा गज दस्त्यात शिरतो त्या जागी लहानशी नक्षी, आणि पुढच्या दस्त्याच्या दोन्ही अंगांनी लांबवर जाणारी कोरीव रेषा, असा सारा विस्तार असतो.

छायाचित्रे घेताना कॅमेरा पृष्ठभागाला काटकोनात ठेवावा, शक्य तितक्या दुरून लांब पल्ल्याच्या भिंगाने घ्यावे, आणि मोजपट्टी नक्षीच्याच पातळीवर धरावी. दिवा एकच असावा आणि त्याचा प्रकाश पृष्ठभागाला जवळजवळ घासून जावा. प्रथम डावीकडून, मग उजवीकडून, मग वरून असा दिवा फिरवत प्रत्येक वेळी एक छायाचित्र घ्यावे. समोरून पडणाऱ्या प्रकाशात नक्षी सपाट दिसते. तिरप्या प्रकाशात पानाची कोणती कड उंच आणि कोणती बुडालेली आहे, ते सावली सांगते. मूळ वस्तूला चिकटपट्टी लावू नये, तिच्यावर कागद ठेवून पेन्सिल किंवा मेण घासू नये. दस्ता बाकदार असल्यामुळे छायाचित्रात कडेची नक्षी आखडलेली दिसते. म्हणून मालकाची परवानगी असल्यास मऊ कागदाची अरुंद पट्टी पृष्ठभागावर नुसती टेकवून दोन-तीन ठिकाणी खरी लांबी मोजून घ्यावी आणि रेखाटन त्याप्रमाणे सुधारावे.

यानंतर छायाचित्र मूळ मापात छापून त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवावा. येथे घाईने बाह्यरेषा काढायला घेऊ नये. आधी प्रत्येक वेलांटीचा कणा काढावा, म्हणजे तिच्या मध्यातून वाहणारी एकच अखंड रेषा. रोकोको नक्षीचा प्राण इंग्रजी सी आणि एस या अक्षरांसारख्या वळणांत असतो. ही वळणे एकातून एक फुटतात. जेथे एक संपते तेथूनच दुसरीचा जोर सुरू होतो. कणे बरोबर वाहू लागले की कडा त्यांच्या मागोमाग येतात. कणा मोडका असेल तर कडा कितीही सुबक काढल्या तरी पान मरगळलेले दिसते.

शेवटी भिंग घेऊन वेलांट्यांची टोके पाहावीत. गुंडाळीच्या पोटात अर्धगोल पटाशी उभी ठोकल्याची खूण बहुधा शाबूत असते. त्या खुणेची रुंदी आणि वक्रता मोजली की मूळ कारागिराने कोणते हत्यार वापरले ते कळते, आणि एकाच दस्त्यावर तीच खूण पुन्हा पुन्हा भेटते. त्याच्याकडे हत्यारे मोजकीच होती, आणि नक्षीची वळणे बऱ्याच अंशी त्या हत्यारांच्या वळणांनीच ठरवलेली आहेत. त्याच वक्रतेची पटाशी आपण मिळवली तर अर्धी नक्षी आपसूक जमते.

लाकूड आणि हत्यारे

मूळ दस्ते बहुतेक मेपलचे असून, त्यांत आडव्या लाटांसारखे पट्टे असलेले लाकूड मुद्दाम निवडलेले असते. हे पट्टे म्हणजे तंतूंची खालीवर जाणारी वळणे होत. डोळ्याला जे सौंदर्य दिसते तेच पटाशीला संकट असते, कारण दर काही मिलिमीटरवर तंतूंची दिशा उलटते आणि बोथट धार तेथे लाकूड उचकटते. पहिल्या कामासाठी पट्टे कमी असलेले, पण घट्ट आणि जड मेपल घ्यावे. महाराष्ट्रात मेपल सहज मिळत नाही. सरावासाठी हळदूचे लाकूड घ्यावे. त्याचा पोत बारीक आणि एकसारखा असतो, रंग फिका असल्यामुळे पेन्सिलची रेघ स्पष्ट दिसते. सागवानावर सराव करू नये असे माझे मत आहे. त्यातील सिलिकामुळे धार लवकर जाते आणि त्याच्या उघड्या तंतूंमध्ये एक मिलिमीटरचा उठाव हरवून जातो.

सरावाचा ठोकळा सपाट ठेवू नये. सुमारे ३० सेंटिमीटर लांब आणि १२ सेंटिमीटर रुंद फळी घेऊन तिचा वरचा पृष्ठभाग रंध्याने आणि कानशीने दस्त्यासारखा किंचित बाकदार करावा आणि त्यावरच कोरावे. सपाट फळीवर शिकलेला हात दस्त्यावर गेल्यावर नक्षीची मधली बाजू कमी आणि कडा जास्त कापतो, आणि ही सवय मोडायला वेळ लागतो.

पटाश्या फार लागत नाहीत. सपाट पटाशी ३ आणि ६ मिलिमीटरची, तिरकी पटाशी एक, शेफिल्ड क्रमांकानुसार (क्रमांक वाढतो तशी धारेची वक्रता वाढते) ३ नंबरची उथळ गोल पटाशी ६ ते ८ मिलिमीटरची, ५ आणि ७ नंबरच्या प्रत्येकी दोन मापांच्या, ८ नंबरची एक लहान, आणि साठ अंशांची ३ मिलिमीटरची व्ही पटाशी, एवढा संच लँकेस्टर धाटणीच्या नक्षीला पुरतो. स्विस बनावटीच्या पटाश्यांचे क्रमांक थोडे वेगळे चालतात, म्हणून खरेदी करताना क्रमांकापेक्षा धारेचा ठसा कागदावर उमटवून नमुन्याशी ताडून पाहावा. याशिवाय लाकडी मोगरी, अणकुचीदार सुरी, जुन्या करवतीच्या पात्यापासून घासून तयार केलेल्या लहान-मोठ्या खरवडण्या आणि दस्ता घट्ट पण न दबता धरणारा, जबड्यांना चामडे लावलेला व्हाइस लागतो.

धारेबद्दल तडजोड चालत नाही. मेपलसाठी पटाशीचा उतार २० ते २५ अंशांचा ठेवावा, निसण्यावर धार काढून झाल्यावर चामड्याच्या पट्ट्यावर क्रोमियम ऑक्साइडचा लेप लावून तिला पाजळावे. परीक्षा अशी की, मऊ पाइनच्या तुकड्यावर तंतूंना आडवा छेद दिल्यास कापलेली जागा काचेसारखी चमकली पाहिजे. पांढरट, भुसभुशीत रेघ उमटली तर धार अजून झालेली नाही. व्ही पटाशीच्या दोन्ही भिंती आणि मधले टोक सारखे असावे लागते. टोकाशी लहानसा आकडा राहिला तर ती लाकूड ओढते. या एका पटाशीच्या धारेवर पूर्ण सकाळ घालवावी लागली तरी ती सत्कारणी लागली असे समजावे.

दस्ता घडवतानाच लाकूड राखणे

कोरीवकाम सुरू होण्यापूर्वी नळी, लॉक, मागची पितळी पट्टी, चापाची कमान आणि गजाच्या नळ्या हे सर्व लाकडात बसवून झालेले असावे आणि दस्त्याचा बाह्य आकार पूर्ण झालेला असावा. त्याला अपवाद फक्त नक्षीच्या जागांचा. गालपटामागे, शेपटीमागे आणि गजाच्या शिरकावापाशी नक्षीच्या सीमेबाहेर दहा-बारा मिलिमीटरपर्यंत सुमारे दीड मिलिमीटर लाकूड जास्त राखावे. हा जास्तीचा थर दस्त्याच्याच बाकाशी समांतर असावा. कानस फिरवताना तो मध्ये फुगीर आणि कडेला पातळ होण्याची प्रवृत्ती असते. पुढे आपण हा थर उतरवू तेव्हा खाली जो पृष्ठभाग येईल तोच दस्त्याचा खरा पृष्ठभाग असणार आहे. म्हणजे कोरीवकामातली ‘जमीन’ ही खोदलेली जागा नसून दस्त्याची मूळ रेषाच असते. दस्ता आधीच अंतिम मापाला आणून मग त्यात नक्षी खोदली, तर नक्षीभोवती खंदक तयार होतो, आणि नवशिक्याचे काम ओळखण्याची ती पहिली खूण आहे.

रेखाटन लाकडावर उतरवणे

ट्रेसिंग पेपरच्या मागे मऊ पेन्सिल घासून कणे आणि गुंडाळ्यांची केंद्रे तेवढी लाकडावर उमटवावीत. कार्बन पेपर वापरू नये, त्याचा मेणकट अंश तंतूंत शिरतो आणि पुढे रंग तेथे नीट चढत नाही. केंद्रे आणि कणे आल्यावर उरलेले रेखाटन मुक्त हाताने, कोपर न टेकवता खांद्यातून हात फिरवत लाकडावरच पूर्ण करावे. कागदावरचे रेखाटन बाकदार पृष्ठभागावर जसेच्या तसे बसत नाही, आणि नमुना समोर ठेवून हाताने काढलेल्या रेषेला जो ओघ येतो तो गिरवलेल्या रेषेला येत नाही.

रेखाटन झाल्यावर दस्ता हातभर दूर धरून पाहावा, मग आरशात पाहावा. आरशात नक्षी उलटी दिसते आणि डोळा ज्या वाकड्या वळणाला सरावलेला असतो ते लगेच उघडे पडते. शक्य असल्यास रेखाटन एक रात्र तसेच राहू द्यावे. मूळ नमुन्यात दोन बाजू थोड्या असमान असतील तर त्या ‘सुधारू’ नयेत. रोकोको शैलीत असमतोल हेतुपुरस्सर असतो, आणि जेथे तो हेतुपुरस्सर नसेल तेथेही त्यामागचे कारण कळेपर्यंत तो जपावा.

कडा कापणे

पहिला छेद व्ही पटाशीने, रेषेच्या बाहेर साधारण अर्धा मिलिमीटर ठेवून, अर्धा-पाऊण मिलिमीटर खोल घ्यावा. येथे दिशेचा नियम नीट समजून घ्यायला हवा. व्ही पटाशीला दोन भिंती असतात. वळणावर एक भिंत तंतूंच्या ओघाने कापते तेव्हा दुसरी तंतूंच्या विरुद्ध जाते. पटाशी अशा दिशेने चालवावी की नक्षीकडची भिंत गुळगुळीत कापली जाईल. बाहेरची भिंत थोडी उचकटली तरी चालते, कारण ते लाकूड पुढे निघूनच जाणार आहे. एका पूर्ण गुंडाळीभोवती जाताना या नियमाने पटाशीची दिशा चार वेळा बदलावी लागते. पट्टेदार मेपलवर ती त्याहूनही जास्त वेळा बदलावी लागते, आणि कोठे बदलायची ते पेन्सिलीने बाण काढून आधीच ठरवून ठेवले तर हात अडखळत नाही.

मग वळणाशी जुळणाऱ्या पटाश्या रेषेवर ठेवून मोगरीच्या हलक्या ठोक्याने कड उतरवावी. पटाशीची मूठ नक्षीच्या अंगाला किंचित कलती धरावी, म्हणजे धार खाली जाताना बाहेरच्या बाजूला सरकते आणि नक्षीची भिंत पायथ्याशी रुंद राहते. भिंत उभी किंवा आतून पोखरलेली राहिली तर एवढ्या कमी उठावात ती कमजोर होते आणि एखाद्या धक्क्याने कड उडते. ठोक्याची खोली अंतिम जमिनीपेक्षा थोडी कमीच ठेवावी. खोल गेलेला ठोका जमिनीवर काळ्या रेघेसारखा उमटतो, रंग लावल्यावर अधिकच ठळक होतो, आणि तो घालवायचा एकच उपाय म्हणजे सगळी जमीन तेवढी खाली नेणे.

जमीन उतरवणे

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ येथेच द्यावा. नक्षीच्या पायथ्यापासून सुरुवात करून ३ नंबरच्या पटाशीने, धार किंचित तिरपी धरून, कागदासारखे पातळ छिलके काढत बाहेर जावे. खोली पाहण्यासाठी एक मिलिमीटर जाडीचा पत्र्याचा तुकडा नक्षीच्या कडेला टेकवून बघावा. पायथ्याशी योग्य खोली आली की जमीन तिथेच न थांबवता तीन ते पाच सेंटिमीटरपर्यंत बाहेर नेत दस्त्याच्या पृष्ठभागात मिसळून टाकावी, जेणेकरून कोठे जमीन संपली आणि दस्ता सुरू झाला हे हाताला कळू नये. डोळे मिटून बोटांची टोके नक्षीकडून कडेकडे फिरवावीत. बोटांना जी लाट जाणवते ती दिव्याच्या तिरप्या प्रकाशात नंतर नक्की दिसते. जाड कागदाची कड दस्त्याच्या बाकावर टेकवून खाली प्रकाश दिसतो का, तेही पाहावे.

वेलांट्यांच्या पोटातील लहान जागा, जेथे पटाशी फिरायला जागा नसते, त्या बाहेरच्या जमिनीच्याच पातळीला आल्या पाहिजेत. त्या उथळ राहण्याचीच शक्यता जास्त असते, आणि मग नक्षी मध्ये गच्च, बाहेर मोकळी अशी दिसते. अशा जागी ३ मिलिमीटरची सपाट पटाशी आणि टोकाला बारीक घासलेली खरवडणी वापरावी. जेथे तंतू उचकटतात तेथे पटाशी बाजूला ठेवून खरवडणीनेच काम संपवावे. पॉलिश पेपर या टप्प्यावर हातात घेऊच नये. तो जमीन साफ करतो, पण नक्षीच्या कडाही गोल करतो.

पाने आणि वेलांट्यांना आकार देणे

आता हातात सपाट माथ्याची नक्षी आहे. तिला जिवंत करायला एक मिलिमीटर उंची आहे, म्हणून प्रत्येक उतार विचारपूर्वक वापरावा. प्रथम जेथे एक वेलांटी दुसरीच्या खालून जाते तेथे खालची वेलांटी छेदण्याच्या जागेपूर्वीच, सेंटिमीटरभर आधीपासून, हळूहळू उतरवत न्यावी. ती अगदी छेदावर एकदम खाली गेली तर तुटल्यासारखी दिसते. त्यानंतर प्रत्येक वेलांटीची एक कड उंच ठेवून दुसरीकडे उतार द्यावा. सी-वळणाची बाहेरची कड उंच आणि पोटाकडे खोलगट उतार, अशी मांडणी पुष्कळ जुन्या दस्त्यांवर दिसते, तरी आपल्या नमुन्यात काय आहे ते तिरप्या प्रकाशातील छायाचित्रावरूनच ठरवावे. गुंडाळीच्या केंद्रातील लहान गोल मात्र उंच राहू द्यावा, कारण डोळा तेथे येऊन थांबतो.

पानांच्या शिरा सर्वांत शेवटी, व्ही पटाशीच्या एकाच अखंड हालचालीने ओढाव्यात. शिरेची रेघ मुळाशी खोल आणि टोकाकडे विरत गेली पाहिजे. ती दोन-तीन तुकड्यांत जोडून काढली की जोड दिसतो. प्रत्येक शिरेपूर्वी तीच हालचाल हवेत दोनदा करून पाहण्याची मला सवय आहे, आणि मनगट कोठे अडते ते त्यातूनच कळते. मूळ कामाची झीज येथे कोरण्याचा प्रयत्न करू नये. जुन्या दस्त्याच्या गोल झालेल्या कडा दोनशे वर्षांच्या हाताळणीने आलेल्या आहेत. कारागिराने त्या धारदारच सोडल्या होत्या. शेवटी हाडाच्या गुळगुळीत तुकड्याने कडा हलक्या दाबून घेतल्या की पुरेसा मऊपणा येतो.

अवघड जागा

मुठीवरची नक्षी लहान असते, पण तेथे दस्ता सर्वांत बारीक असतो, तंतूही बाकदार जातात आणि पृष्ठभाग दोन दिशांना वळतो. तेथे मोगरी न वापरता दोन्ही हातांनी पटाशी ढकलावी. गजाच्या शिरकावापाशी लाकडाची भिंत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाड असते. गजाच्या छिद्रात घट्ट बसणारी लाकडी काठी भरून मगच तेथे पटाशी टेकवावी, नाहीतर दाबाने भिंत फुटते. पुढच्या दस्त्याच्या लांब रेषेसाठी करवतीच्या पात्याच्या तुकड्यात रेषेचा आकार घासून घ्यावा आणि तो लाकडी मुठीत बसवून, एक अंग दस्त्याच्या कडेला टेकवत, हलक्या हाताने अनेक वेळा ओढावा. अर्धा मिलिमीटर खोली पुरे होते. पहिल्याच ओढीत जोर लावला तर हत्यार तंतूंच्या मागे पळते.

कड उडाली तर तुकडा शोधावा आणि त्याच क्षणी पातळ सुपरग्लूने बसवावा. ताज्या तुकड्याचा सांधा दिसत नाही. तुकडा हरवला असेल तर त्या पानाची कड थोडी आत घेऊन वळण नव्याने जुळवणे हा प्रामाणिक मार्ग आहे. लाकडाचा भुसा आणि गोंद यांची लांबी (पुट्टी) कधीही भरू नये. रंग लावल्यावर ती डाग होऊन उमटते. माझ्या एका दस्त्यावर गालपटामागे तशी लांबी भरली होती. रंग चढवताच ती उठून दिसली आणि शेवटी त्या भागातील सगळी नक्षी व जमीन पाव मिलिमीटर खाली न्यावी लागली.

रंग आणि तेल

रंग लावण्यापूर्वी दस्ता ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावा. उठलेले तंतू धारदार खरवडणीने अलगद काढावेत, आणि तंतू उठायचे थांबेपर्यंत हे दोन-तीन वेळा करावे. जुने कारागीर नायट्रिक आम्लात लोखंड विरघळवून तयार केलेले द्रावण मेपलला लावत. आज त्यासाठी फेरिक नायट्रेटचे खडे वजनाने एक भाग आणि पाणी तीन भाग असे घेतले की काम होते. हातमोजे आणि चष्मा घालून, मोकळ्या हवेत, द्रावण सगळीकडे सारखे लावावे. वाळल्यावर हीट गन फिरवली की फिकट पिवळसर लाकूड डोळ्यांसमोर लालसर तपकिरी होते, आणि पट्टे गडद उठतात. नक्षीच्या कडा पातळ असल्याने त्या लवकर करपतात, म्हणून तेथे हीट गन सतत हलती ठेवावी. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्याने पुसून, स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसून, पूर्ण वाळू द्यावे, कारण उरलेले आम्ल पुढे तेलाखाली रंग काळवंडवते. हे सर्व आधी त्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यावर, शक्यतो त्यावरही थोडी नक्षी कोरून, करून पाहावे.

शेवटी उकळलेले जवसाचे तेल अगदी पातळ लावावे. दहा-पंधरा मिनिटांनी सगळे पुसून काढावे, आणि नक्षीच्या कोपऱ्यांत ताठ ब्रश फिरवून साठलेले तेल उचलावे. तेथे ते राहिले तर चिकट पापुद्रा धरते आणि एक मिलिमीटरच्या उठावातला अर्धा गिळून टाकते. दोन थरांमध्ये किमान एक दिवस जाऊ द्यावा. पाच-सहा थर पुरतात. तेल लागलेली फडकी गोळा करून ठेवू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि फडक्यांचा ढीग आपोआप पेट घेतो. ती उघड्यावर सुटी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

खोटी झीज, काजळी भरलेल्या खाचा आणि ओरखडे यांनी प्रत जुनी भासवण्याचा मोह टाळावा. मागची पितळी पट्टी शेवटची बसवण्यापूर्वी तिच्याखाली झाकल्या जाणाऱ्या लाकडावर आपले नाव, वर्ष आणि ज्या कारागिराच्या कामावरून नक्षी घेतली त्याचे नाव सुरीने कोरावे, आणि नळीच्या खालच्या अंगालाही, दस्ता काढल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, तेच नाव व वर्ष ठोकून घ्यावे.